टोपली टोपली माती

मित्रांनो, तुम्ही पाहिलेले किल्ले दगडाचे असतात. मी मातीचा आहे. नदीकडे तोंड करून बसलेला एक जुना तोफमोर्चा. छातीइतका उंच मातीचा बांध, तोफांची तोंडं बाहेर काढायला त्यात ठेवलेल्या फटी, आणि बांधामागे तोफा उभ्या करायचे खोलगट खड्डे. एवढंच माझं अंग. त्यातलंही आता अर्धंच शिल्लक आहे. परवा कुणीतरी येऊन माझ्या अंगावरच्या झाडांना गुलाबी फिती बांधून गेलं. जी झाडं तोडायची असतात, त्यांना इथे तशा फिती बांधतात. म्हणून म्हटलं, बोलायचं ते आत्ताच बोलून घ्यावं.

मी अमेरिकेत राहतो, व्हर्जिनियात, पोटोमॅक नदीच्या काठी. माझा जन्म अठराशे एकसष्टच्या पानगळीतला. तेव्हा हा देश दोन तुकडे होऊन आपापसांत लढत होता. माणसांना विकत घेऊन गुलाम म्हणून राबवण्याची सोय हातची जाऊ नये, यासाठी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली होती. नदीच्या पलीकडे उत्तरेचं सैन्य, अलीकडे दक्षिणेचं. आणि मी बसलोय ना, नेमका इथेच नदीला उतार आहे. पाणी पसरट होतं, उथळ होतं, घोडा पोटापर्यंत भिजून पार होतो. उतार ज्याच्या हाती, रस्ता त्याच्या हाती. म्हणून दक्षिणेच्या सैन्याने ठरवलं, इथे तोफा लावायच्या.

तोफा लावणारे हात वेगळे होते, माती खणणारे हात वेगळे. खणायला आणली होती आसपासच्या शेतांवरची गुलाम माणसं. शेजाऱ्याला बैलजोडी द्यावी तशी मालकांनी ती सैन्याला भाड्याने दिली होती. ज्या भिंतीआड त्यांचीच बेडी सुरक्षित राहायची, ती भिंत त्यांनीच रचायची होती.

ती माणसं नदीकाठची काळी माती आणत, टेकाडावरची तांबडी आणत, मधली पिवळसर आणत. टोपली डोक्यावर, चढ चढायचा, ओतायची, पुन्हा खाली. टोपली टोपली माती. ओतताना गात. त्यांची भाषा वेगळी होती, पण ऐकून ऐकून माझ्या कानात तिची ओवीच झाली:

खालची गं माती, वरती वाहिली
घरची गं वाट, खालीच राहिली.

ओती रे ओती, तांबडी नि काळी
कोण लेकराला, झोपवी सांजवेळी.

त्यांच्यात एलायजा नावाचा एक उंच माणूस होता. टोपली रिती केली की तिच्या मातीवर तो एकदा तळहात दाबायचा. मुकादम ओरडायचा, "थापटत काय बसलास? पुढची आण!" एलायजा पुढची आणायचा, आणि तिच्यावरही हात दाबायचा. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, इतक्या मातीत आपली कुठली ते त्याला स्वतःला तरी कळावं, म्हणून असेल.

थंडी पडली तेव्हा त्याला ताप भरला. खाली काठावरच्या एका ओकच्या झाडाजवळ त्याला पुरलं. खूण ठेवली नाही. पुढे एका मोठ्या पुरात तो काठ गेला, ओक गेला, आणि तोही गेला. मी वरून पाहत होतो. मातीच्या बांधाला हाक मारता येत नाही.

माझं कौतुक झालं ते फक्त त्या एका हिवाळ्यात. अधिकारी दुर्बिणी घेऊन यायचे, "काय सुंदर रचना!" म्हणायचे. एकाने कागदावर माझं चित्रही काढलं. त्यात तोफा होत्या, झेंडा होता, नदी होती. खणणारं माणूस एकही नव्हतं. वसंतात सैन्य तोफा ओढत निघून गेलं. लढाई दुसरीकडे गेली, आणि माझ्यासमोरून कुणी नदी ओलांडली की नाही हे विचारायलाही कुणी परत आलं नाही.

मग माझ्यावर झाडं उगवली. एका शेतकऱ्याने दक्षिणेकडचं माझं टोक नांगरून त्यात मका लावला. गोळ्या आणि बटणं शोधणारे हौशी लोक धातू हुडकायची यंत्रं घेऊन आले, खड्डे पाडून गेले. हरणं माझ्या आडोशाला निजली. दीडशे वर्षांहून जास्त काळ असा गेला. तोवर नदीपासून थोडं आत, अ‍ॅशबर्नकडे, लांबच लांब, खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतून सतत एक घरघर येते. तुमचे वाढदिवसाचे फोटो, तुमच्या आजीचे जपून ठेवलेले व्हिडिओ, सगळं म्हणे तिथे राहतं. आठवणींनाही घर लागतं, मित्रांनो, आणि घराला जागा लागते. ती जागा शोधत शोधत एक कंपनी माझ्यापर्यंत आली.

इथला नियम असा की जुनी जागा असेल तर बांधकामाआधी तपासायची. तपासायला आली ती सावनी.

सावनी इथेच जन्मलेली, अ‍ॅशबर्नमध्ये वाढलेली मराठी मुलगी. जमिनीत गाडलेल्या जुन्या गोष्टी शोधायचं शिक्षण घेतलेली. गुडघ्यांना चिखल, केसांत पानं, हातात थापी. तिने माझ्या उत्तरेकडच्या अंगाला एक अरुंद चीर दिली, हलक्या हाताने, आईने मुलाच्या पायातला काटा काढावा तशी. आत पाहिलं आणि तशीच बसून राहिली. मग तिने फोन करून, याच काठावर ओळख झालेल्या एका म्हाताऱ्या बाईंना बोलावलं.

त्यांचं नाव मिस अर्लीन. एलायजाच्या मुलीच्या वंशातल्या. नदीवर खणायला नेलेला एलायजा परत आला नाही, एवढीच गोष्ट त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. थडगं नाही, चित्र नाही. दर पानगळीत त्या काठी टेकत माझ्यापाशी यायच्या. घरात काहीही रोप लावलं की मातीवर एकदा तळहात दाबायचा, अशी त्यांच्याकडे रीत. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. इथे आल्या की त्या माझ्यावरही तसाच हात दाबायच्या. मला ठाऊक होतं. पण मी सांगणार कसं?

"हे बघा, मिस अर्लीन," सावनी म्हणाली. चिरेच्या भिंतीत काळे, तांबडे, पिवळे डाग एकमेकांना चिकटून बसले होते, गोधडीच्या तुकड्यांसारखे. "हा प्रत्येक डाग म्हणजे एक टोपली. एका माणसाने एकदा वाहून आणलेली. ओतल्यापासून हललेली नाही."

बाई काठीवर भार देऊन चिरेजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे यातली कुठलीतरी त्याची आहे."

"नक्कीच आहे."

"पोरी, हे वाचेल का गं?"

"वाचवू," सावनी म्हणाली. "दक्षिणेकडचा भाग नांगरलेला, मधला धुपलेला. पण हा उत्तरेचा भाग अखंड आहे. दिवाळीनंतर काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतले लोक बघायला येतायत. त्यांच्यासमोर मी बांध उभा कापून हे थर दाखवणार. थर दिसले की कंपनीला ही जागा सोडून बांधावं लागेल."

तिने चिरेवर निळी ताडपत्री घातली. पुढे बांधावर जिथे जिथे कापायचं होतं तिथे तिथे तारेच्या काडीवरचे छोटे नारिंगी झेंडे रोवले. प्रत्येकावर काळ्या शाईने आकडा लिहिला.

मित्रांनो, माझं सारं आयुष्य त्या झेंड्यांशी येऊन थांबलं होतं.

तो शनिवार होता. ऊन कोवळं होतं. होडीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने एक गाडी आली आणि तिच्यातून मराठी ऐकू आलं. सावनीचे बाबा शैलेंद्रकाका, आणि त्यांच्या गल्लीतली दोन मुलं, दहा वर्षांचा आर्य आणि त्याची धाकटी बहीण नैना. हातांत प्लास्टिकच्या बादल्या आणि फावडी. त्यांच्या मराठी मंडळात यंदा दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा होती.

"काका, व्हाय कान्ट वी जस्ट बाय सॉइल?" आर्यने विचारलं.

"अरे, दुकानातली माती म्हणजे नुसता भुसा! तिचा बुरूज उभा राहतो होय? आमच्या साताऱ्याला कसं, लाल माती, पाणी शिंपडलं की दगड! परवा सावनी फोनवर म्हणाली, बाबा, इथली माती सेम तुमच्या साताऱ्यासारखी. म्हटलं, तिच्याच साइटची माती आणून तिला सरप्राइज देऊ. लहानपणी किल्ल्यापुढून हलायची नाही ती."

प्रेमाने आले होते हो. तेच तर आहे.

ताडपत्री पाहून शैलेंद्रकाका थबकले. "त्याला कुणी हात लावायचा नाही हं! सावनीताईचं काम चाललंय तिथे." आणि ताडपत्रीला वळसा घालून, सांभाळून पाय टाकत, ते बांधावर चढले.

"इज धिस अ रिअल फोर्ट?" नैनाने विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. शिवाजी महाराजांच्या मुलखातला माणूस, तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला. डोळ्यांपुढे काळे कातळ, दिंडी दरवाजे. ते हसले. "हा? हा कसला किल्ला! किल्ला म्हणजे दगड, बाळा. काहीतरी असेल ते त्या खड्ड्यात असेल. हा नुसता खणून वर टाकलेला ढिगारा. यातलीच घेऊ."

त्यांनी पहिलं फावडं घातलं. मग खेपांवर खेपा, दुपार सरेतो उत्तरेचा जवळजवळ सगळा बांध उकरून निघाला.

मला दुखलं असं नाही म्हणत मी. मातीला दुखत नाही. पण काळी टोपली तांबडीत मिसळली, तांबडी पिवळीत. माणसं जशी एकमेकांशेजारी चालली होती तशीच त्यांची माती आत निजली होती. एका दुपारी सगळी एक झाली. माती लालसर, घट्ट, हाताला सुंदर लागणारी. काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वा! काय माती आहे, वा!" इतक्या वर्षांनी माझं कौतुक झालं ते असं.

काका बादल्या गाडीकडे नेत होते तेव्हा आर्यला पडलेल्या तांबूस पानांत लपलेले झेंडे दिसले.

"नैना, लुक! भगवे झेंडे!"

दोघांनी सगळे उपटले. गाडीत काकांच्या लक्षात आलं. "अरे, हे कुठून आणले?"

"तिथे होते. फॉर द किल्ला!"

काकांनी मागे वळून बांधाकडे पाहिलं. मग स्वतःलाच समजावत म्हणाले, "झालेलं असेल काम. नाहीतर असे उघड्यावर टाकून गेली असती का ती?" आणि गाडी सुरू केली.

अर्धा मी नदीकाठी राहिलो आणि अर्धा मी बादल्यांतून अ‍ॅशबर्नला गेलो. काकांच्या गॅरेजसमोर मला पाणी घातलं, तुडवलं, थापलं. मुलांच्या हातांनी मी पुन्हा एकदा उभा राहिलो. बालेकिल्ला झाला, माची झाली, तळ्यात निळी रांगोळी. खोलीतल्या हीटरजवळ ठेवून उगवलेले अळीव माझ्या उतारांवर लावले. साताऱ्याहून बॅगेतून आलेले मावळे उभे केले, त्यातल्या एकाचा भाला तुटलेला. सिंहासनावर महाराज. आणि तटावर ओळीने नारिंगी झेंडे.

काकांच्या बायको, मृणालिनीकाकू, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अंगणातलं गवत कापायला सांगितलं की कंबर दुखते तुमची. आणि इथे बघा, गवंडी झालेत!"

"काकू, वी आर गॉना विन!" आर्य ओरडला.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? त्या मुलांचे हात मला आवडले. मला पहिल्यांदा रचणारे हात घरी जाऊ शकत नव्हते. हे हात "जेवायला चला" म्हटलं की धुऊन आत पळत होते.

धनत्रयोदशीला दुपारी सावनी घरी आली. किल्ला पाहून तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "बाबा! सीरियसली? यू मेड अ किल्ला?"

"ओळख बघू माती कुठली!" काका पाठीमागे हात बांधून उभे होते, डोळे नुसते चमकत होते.

ती गुडघ्यांवर बसली. हसत हसत तटावरचा एक झेंडा बोटाने सरळ करायला गेली. झेंड्यावर तिच्याच अक्षरातला आकडा होता. तिचा हात तसाच राहिला. तिने दुसरा झेंडा पाहिला. तिसरा. मग चिमूटभर माती घेऊन बोटांत चुरडली.

"बाबा, ताडपत्रीजवळची?"

"अगं, ताडपत्रीला हात नाही लावला! एकालाही लावू दिला नाही. बाजूच्या ढिगाऱ्यातली..."

"तो ढिगारा नव्हता बाबा." तिचा आवाज एकदम खाली गेला. "तोच किल्ला होता."

काकूंच्या हातातलं तबक हळूच पायरीवर टेकलं. काका काहीतरी बोलू पाहत होते. "मला वाटलं... अगं, किल्ला म्हणजे..."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अभ्यंगस्नान करून, कपाळाला गंध तसंच ठेवून शैलेंद्रकाका किल्ला मोडायला बसले. मुलांनी मावळे काढून बाजूला ठेवले. आर्यला तर रडू येत होतं. "काका, बट वी कॅन पुट इट बॅक, राइट? वी कॅन पुट इट ऑल बॅक?" काका म्हणाले, "हो बाळा, सगळी परत नेऊ." सगळी कुठली? गॅरेजसमोर चिखल राहिलाच. तो पावसाने धुऊन गटारात गेला, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून पोटोमॅकमध्ये. जिच्यावर मी पहारा ठेवला, त्या नदीनेच मला नेलं.

बादल्या घेऊन ते माझ्याकडे परत आले. सावनी आधीच आली होती, आणि मिस अर्लीनही. काकांनी बांधावर माती ओतली. घामाघूम होऊन ओतत राहिले. फावड्याने सारखी केली, आकार दिला, वर पुन्हा झेंडेसुद्धा रोवले. लांबून पाहाल तर मी होतो तसाच दिसत होतो.

"बघ सावनी," ते आशेने म्हणाले, "तितकाच उंच झाला की नाही?"

"माती परत येते बाबा," सावनी म्हणाली. "थर परत येत नाहीत."

काका फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. मग मिस अर्लीनपुढे गेले. तोडक्या शब्दांत म्हणाले, "मॅम, आम्ही किल्ल्यांची पूजा करणारी माणसं. मी जाणूनबुजून कधीच..."

बाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं नाही. तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"एलायजाला कुणीतरी खणायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी लावलं होतं?"

नैनाला यातलं काहीच कळलं नव्हतं. ती बांधावर बसून आपल्या छोट्या बादलीतली माती ओतत होती, आणि किल्ल्याची माती बसावी म्हणून दर बादलीवर एकदा तळहात दाबत होती. मिस अर्लीनची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली. त्या काठी टेकत पुढे आल्या. माझ्यावर हात दाबायला म्हणून त्यांनी हात उचलला, अर्ध्यात थांबल्या, आणि तो पदराआड घ्यावा तसा कोटाच्या खिशात घातला. कुठे दाबणार? आता इथे एलायजाची टोपली कुठली आणि गॅरेजसमोरचा चिखल कुठला, हे कुणाला सांगता येणार होतं?

त्यानंतर त्या आल्या नाहीत.

काउंटीचे लोक आले. सावनीने बांध उभा कापला. आत एकच रंग होता, कालवलेल्या भातासारखा, आणि मधूनमधून अळिवाची हिरवी पाती. तिने काही लपवलं नाही. जे झालं ते सांगितलं, स्वतःच्या बाबांचं नावही सांगितलं. पहिल्या अरुंद चिरेचे फोटो दाखवले. ताडपत्रीखालची ती चीर होती, पण खणताना शेजारची माती सुटून तीही आत ढासळली होती. एक साहेब म्हणाले, "फोटो सुंदर आहेत. पण जागा वाचवायची तर जागा हवी." ते निष्ठुर नव्हते. जाताना त्यांनी बुटाची माती माझ्या अंगावरच झटकली.

निकाल लागला: जपण्याइतकं काही शिल्लक नाही.

थंडी सरली. शैलेंद्रकाका मधूनमधून येतात, एकटेच. माझ्यापासून थोडं लांब उभे राहतात, पाय टाकायला भिणाऱ्या माणसासारखे. ज्या कंपनीची इमारत इथे येणार तिथे ते नोकरीला नाहीत, पण तशाच एका इमारतीत आहेत. एकदा वाकून त्यांनी माझ्यातून काहीतरी उचललं. भाला तुटलेला मावळा. परत आणलेल्या मातीतून आला असेल. खिशात घालावा की इथेच ठेवावा, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तो तोफेच्या फटीत उभा केला, नदीकडे तोंड करून. अजून उभा आहे बिचारा.

मित्रांनो, माझं आता काही मागणं उरलेलं नाही. तुमच्यासाठीच एक सांगतो. तुम्ही दिवाळीत किल्ला करा, जरूर करा. पण कुठलीही माती उचलण्याआधी थोडं थांबा. ती तिथे आपोआप आली, की कुणी डोक्यावरून वाहून आणली, हे आधी विचारा. दगडावर नाव कोरता येतं. मातीवर नुसता हात दाबता येतो, आणि तो दिसत नाही. नाव नसलेल्या माणसांचे किल्ले बहुतेक मातीचेच असतात.

रिती झाली टोपली, भरंना पुन्हा
कुठं रे ठेवला, हात माझा जुना.

खाली रस्त्यावर पिवळं यंत्र येऊन उभं राहिलंय. इथून दिसतं मला. त्याला भला मोठा हात आहे. तळहात मात्र नाही.